विश्लेषण : करमुक्त राज्य की डॉक्टरांचा होकार? एनएफएलचे खेळाडू संघ कसा निवडतात?

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये (एनएफएल) दर मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि कोट्यवधी डॉलरचे नवे करार जाहीर होऊ लागतात. बातमीत येतो तो सर्वांत मोठा आकडा. प्रत्यक्ष हाती किती पडणार, हे मात्र बरेचसे दोन गोष्टींवर ठरते : खेळाडूचे जुने दुखणे आणि संघाच्या राज्यातील प्राप्तिकर.

राज्यानुसार किती फरक?

आपल्याकडे प्राप्तिकर केंद्राचा. खेळाडू मुंबईकडून खेळो वा चेन्नईकडून, त्याचा दर तोच. अमेरिकेत केंद्राच्या कराशिवाय बहुतेक राज्येही प्राप्तिकर घेतात. कॅलिफोर्नियात सर्वोच्च दर १३.३ टक्के, न्यू जर्सीत १०.७५ टक्के. फ्लोरिडा, टेक्सास, टेनेसी आणि नेवाडा वेतनावर असा कर घेतच नाहीत. या चार राज्यांत ७ संघ आहेत. वेतनावरील कमाल मर्यादा (सॅलरी कॅप) सर्व संघांना सारखीच असल्याने, तेवढ्याच पैशांत हे संघ खेळाडूला जास्त देऊ शकतात.

२०२२ मध्ये टायरीक हिलसमोर न्यू यॉर्क जेट्स आणि मायामी डॉल्फिन्स असे दोन पर्याय होते. जेट्सचे मैदान प्रत्यक्षात न्यू जर्सीत आहे. हिलने मायामी निवडले, चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलरचा करार केला आणि राज्याचा कर हे एक कारण असल्याचे उघडपणे सांगितले.

मायामीत गेले की कर शून्य?

नाही. संघ परराज्यात खेळायला गेला की तेथे घालवलेल्या कामाच्या दिवसांच्या प्रमाणात ते राज्य कर घेते. याला ‘जॉक टॅक्स’ म्हणतात. (१९९१ च्या एनबीए अंतिम फेरीनंतर कॅलिफोर्नियाने शिकागो बुल्सच्या खेळाडूंकडून कर वसूल केला, तेव्हा इलिनॉयनेही उलट तसाच कायदा केला!) करारावर सही करताना मिळणारा बोनस मात्र, काही अटी पाळल्यास, खेळाडू राहतो त्या राज्याच्या हिशेबात धरला जातो. म्हणून एजंट बोनस वाढवून मागतात आणि अनेक खेळाडू फ्लोरिडात घर घेतात.

मग दुखापतीचे काय?

खरी मेख इथे आहे. एनएफएलमधील बहुतेक करारांची पूर्ण रक्कम हमीची नसते; संघ खेळाडूला मध्येच सोडू शकतो. समजा, दोन्हीकडे ३ कोटी डॉलरचा करार आहे. कॅलिफोर्नियात हमी २ कोटींची, फ्लोरिडात १ कोटीची. गुडघा पुन्हा गेला आणि संघाने सोडले, तर राज्याचा कर देऊनही कॅलिफोर्नियात सुमारे पावणेदोन कोटी उरतात. फ्लोरिडात १ कोटीच. दुखणेकऱ्याने आधी हमी पाहावी, कर नंतर.

संघही सावध असतात. वैद्यकीय तपासणी असतेच, शिवाय काही रक्कम प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांशी बांधली जाते. मानेवरील शस्त्रक्रियांमुळे २०११ चा हंगाम हुकलेल्या पेटन मॅनिंगला डेन्व्हरने ९.६ कोटी डॉलरचा करार दिला, पण पहिल्या वर्षानंतरची हमी मानेच्या प्रकृतीवर ठेवली. टेनेसीचा करमुक्त पर्याय त्याने सोडला होता.

डॉक्टर चुकतात का?

डॉक्टर धोका सांगतात, भविष्य नाही. २००५ च्या अखेरच्या सामन्यात ड्रू ब्रीसचा खांदा निखळला. मायामीच्या डॉक्टरांना तो बरा होईल याची खात्री वाटेना. न्यू ऑर्लिन्सने सहा वर्षांसाठी ६ कोटी डॉलर देऊ केले आणि ब्रीस प्राप्तिकर असलेल्या लुईझियानात गेला. मायामीने त्याऐवजी घेतलेला डाँटे कल्पेपर स्वतःच गुडघ्याच्या दुखापतीतून सावरत होता. २००६ च्या हंगामात तो चारच सामने खेळू शकला. ब्रीसने २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल जिंकून दिला. तो सामना झाला मायामीच्या मैदानावर.