शांतताकाळातील सैन्यसज्जता आणि राजकीय निर्णय

बंगळुरूनजीकच्या येलहंका येथील हवाई दलाचा तळ १९९६ पासून दर दोन वर्षांनी भरणाऱ्या ‘एरो इंडिया’ प्रदर्शनामुळे परिचित आहे. या तळाचे नित्याचे कार्य मात्र मालवाहू विमानांच्या वैमानिकांना प्रशिक्षण देण्याचे आहे. युद्धप्रसंगी जवान, दारूगोळा व रसद सीमेवर किती वेगाने पोहोचेल, हे शांतताकाळातील अशा तयारीवर अवलंबून असते. या तयारीस किती पैसा व मनुष्यबळ द्यावयाचे, हा निर्णय राजकीय असतो.

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६४ मधील पंचवार्षिक संरक्षण योजनेत ८ लाख २५ हजारांचे भूदल व ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल असे लक्ष्य ठरले. चीनविरुद्धच्या पराभवामुळे या खर्चास जनतेचा पाठिंबा लाभला. पाठिंबा नेहमीच टिकतो असे नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी १९६३ मध्ये सक्तीचे झालेले राष्ट्रीय छात्रसेनेचे प्रशिक्षण १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक करण्यात आले.

दुसरा घटक वेळेचा. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाल्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झाले. आक्रमक कोअर सीमेवर पोहोचण्यास सुमारे तीन आठवडे लागले. तोपर्यंत आंतरराष्ट्रीय राजनैतिक दबाव वाढला आणि युद्ध न होता ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्यमाघारीचा निर्णय झाला. त्यानंतर जलद हालचालींवर भर आला. परंतु वेग वाढविण्यासाठी सीमेलगत साठे, रस्ते व सैन्य कायम ठेवावे लागते. शिवाय वेग वाढला की वाटाघाटींसाठी उरणारा अवधी घटतो.

तिसरा घटक मनुष्यबळाचा. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘अग्निपथ’ योजनेत चार वर्षांची सेवा असून त्यानंतर कमाल २५ टक्के अग्निवीरांना कायम करण्याची तरतूद आहे. सैन्य तरुण राखणे हा तिचा घोषित हेतू होता. देशात निदर्शने होताच त्या वर्षापुरती कमाल वयोमर्यादा २१ वरून २३ करण्यात आली. सैन्यभरती हा रोजगाराचाही प्रश्न असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

सारांश, सज्जतेवर खर्च होणारा रुपया शिक्षण वा सिंचनास मिळत नाही, आणि सज्जतेतील उणीव मात्र संकटातच उघड होते. म्हणूनच संरक्षण अर्थसंकल्पाचा अभ्यास करताना केवळ एकूण तरतूद न पाहता वेतन, निवृत्तिवेतन व भांडवली खर्च यांची विभागणी विद्यार्थ्यांनी अवश्य तपासावी. राजकीय अग्रक्रम तेथेच दिसून येतात.