शनिवार-रविवार पाळणारा गाळ

समुद्राच्या तळाला वार कळतात का? प्रश्न वेडगळ वाटेल. पण स्पेनच्या ईशान्य किनाऱ्यावर पालामोस नावाचे एक छोटे बंदर आहे. त्याच्यासमोरच्या समुद्रात शास्त्रज्ञांनी खोलवर पाण्याचा गढूळपणा मोजणारी उपकरणे उतरवली, तेव्हा एक गमतीदार आलेख मिळाला. सोमवार ते शुक्रवार, दिवसाच्या कामाच्या वेळात पाणी गढूळ होई. रात्री ते निवळे आणि शनिवारी-रविवारी तर गढूळपणा जवळजवळ नाहीसा होई. वादळे, प्रवाह, नद्यांचे पूर यांपैकी कोणीही आठवड्याची सुट्टी पाळत नाही. ती पाळतो फक्त माणूस. मग माणसाचा हात शेकडो मीटर खोल पोचला कसा?

आधी बंदराची ओळख करून घेऊ. पालामोस बार्सिलोनाच्या ईशान्येला सुमारे शंभर किलोमीटरवर, कातालोनिया प्रांतात आहे. १२७९ मध्ये आरागॉनच्या राजाने, तिसऱ्या पेद्रोने, हे गाव वसवले ते बंदरासाठीच. एकोणिसाव्या शतकात इथून जगभर जाणारा मुख्य माल होता बाटल्यांची बुचे. जवळच्या डोंगरांत बुचाच्या ओकची जंगले आहेत. झाड न तोडता दर नऊ-बारा वर्षांनी त्याची जाड साल सोलून काढतात. (आपल्या रस्त्यांच्या कडेला पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड वेगळे, हलक्या सालीमुळे त्याला ते नाव मिळाले.) ही बुचे धक्क्यावर आणायला १८८७ मध्ये अरुंद रुळांची एक छोटी आगगाडीही सुरू झाली. ती १९५६ मध्ये बंद पडली. व्यापारी धक्का मात्र आजही चालू आहे. तिथे मालाची आणि प्रवाशांची जहाजे लागतात आणि त्याच बंदरात मासेमारीच्या बोटी उभ्या असतात.

या धक्क्याची एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांना नवलाची वाटेल. धक्का आणि बोटीचा काठ यांतले अंतर दिवसभर जवळजवळ तेवढेच राहते. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी ओहोटीपेक्षा चार-पाच मीटर वर चढते, म्हणून तर इंदिरा गोदीला दरवाजे लावून पाणी आत कोंडून ठेवावे लागते. पालामोसला भरती-ओहोटीतला फरक वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर. भूमध्य समुद्र महासागराशी जोडलेला आहे तो जिब्राल्टरच्या जेमतेम १४ किलोमीटर रुंदीच्या सामुद्रधुनीने. एवढ्या चिंचोळ्या दारातून अटलांटिकची भरती आत येऊन सहा तासांत सारा समुद्र उचलणे शक्य नाही, आणि चंद्राच्या ओढीने आतल्या आत मोठी भरती उठावी एवढा हा समुद्र विस्तीर्ण नाही. त्यामुळे इथल्या कोळ्याला भरतीचे वेळापत्रक पाहावे लागत नाही. तो पाहतो ते घड्याळ.

हे घड्याळ कायद्याचे आहे. ट्रॉल जाळ्याच्या बोटींना आठवड्यात पाचच दिवस आणि दिवसात ठरावीक तासच समुद्रात राहता येते. सकाळी निघायचे, दुपार उलटल्यावर परतायचे आणि लगेच संध्याकाळच्या लिलावात माल विकायचा. आपल्याकडे धक्क्यावरच्या लिलावात बोली चढत जाते; इथे ती उतरत जाते. पेट्या एकामागून एक सरकत्या पट्ट्यावरून येतात, फलकावर किलोचा मोठा भाव झळकतो आणि भराभर खाली घसरू लागतो. ज्याला तो भाव पटेल तो हातातल्या यंत्राचे बटण दाबतो. घसरण थांबते आणि पेटी त्याची होते. एका पेटीला एकच बोली, तीही काही सेकंदांत. नासणारा माल झटपट विकायला ही पद्धत सोयीची आहे. वर्गात पेन्सिलींचा असा लिलाव करून पाहा. ‘आणखी थोडे थांबू’ म्हणणाऱ्याच्या हातून पेन्सिल कशी जाते ते मुलांना लगेच कळेल.

या लिलावातला सर्वांत महाग माल म्हणजे लाल कोळंबी. तिचे शास्त्रीय नाव अरिस्टियस अँटेनाटस. ती राहते साधारण ४०० ते ९०० मीटर खोलीवर आणि त्याहूनही खूप खाली. आता खरा प्रश्न असा, की संध्याकाळच्या आत घरी परतणाऱ्या बोटी एवढ्या खोल पाण्यापर्यंत पोचतात कशा? उत्तर समुद्रतळाच्या नकाशात आहे. पालामोसच्या जवळ ‘ला फोनेरा’ नावाची सागरी घळ आहे. तिचे तोंड किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरच सुरू होते. एरवी जी खोली गाठायला दूर जावे लागले असते ती इथे दाराशी आली आहे. गावाची श्रीमंती या घळीची देणगी म्हणायला हरकत नाही.

ट्रॉल जाळे म्हणजे तळावरून ओढली जाणारी मोठी पिशवी. तिचे तोंड उघडे कसे राहते? दोरांवर दोन बाजूंना दोन जड फळ्या तिरक्या लावलेल्या असतात. बोट ओढू लागली की पाण्याचा दाब त्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो, पतंगाला वारा उचलतो तसाच. शेकडो किलोंच्या या फळ्या तळाचा चिखल खरवडत जातात. घळीच्या उतारावर उडालेला हा चिखल पाण्यात मिसळला, की ते पाणी जड होते आणि दाट ढगासारखे खाली लोळत जाते. उपकरणांना कामाच्या वारी दिसला तो हाच ढग. बार्सिलोनाच्या सागरविज्ञान संस्थेतील पेरे पुच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की वर्षानुवर्षांच्या या ओढण्याने घळीच्या उतारावरच्या लहान लहान ओघळी बुजून उतार गुळगुळीत झाले आहेत. त्यांनी याची तुलना शेतातल्या नांगरटीशी केली. घळीच्या तळाशी साचलेल्या थरांचे वय शिसे-२१० या किरणोत्सारी अणूवरून काढले, तेव्हा १९७० च्या दशकापासून गाळ साचण्याचा वेग दुप्पट झालेला आढळला. बोटींच्या इंजिनांची ताकद वाढली तोच हा काळ.

एवढे वाचून कोळ्यांना दोषी ठरवण्याची घाई नको. कोळंबी कधी कधी अचानक नाहीशी होते आणि त्यात माणसाचा हात नसतो. हिवाळ्यात उत्तरेचे कोरडे, थंड वारे लायन्सच्या आखातातले उथळ पाणी गार करतात. गार पाणी जड होऊन घळींमधून धबधब्यासारखे खोल कोसळते. १९९९, २००५ आणि २००६ मध्ये असे मोठे कोसळणे झाले. त्या लोंढ्यात कोळंबी नेहमीच्या जागा सोडून जाते आणि जाळी रिकामी येतात. मात्र तीन ते पाच वर्षांनी उत्पन्न वाढते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पाण्याबरोबर अन्नही खोलवर जाते आणि त्यावर पिल्ले चांगली वाढत असावीत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. काचेच्या पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, एका बाजूला पाटी तिरकी ठेवा आणि तिच्यावरून शाई घातलेले बर्फाचे पाणी हळूच सोडा. ते वर न मिसळता उतारावरून घसरत तळाशी पसरताना दिसेल.

निसर्गाचे चढउतार आपल्या हाती नाहीत. हाती आहेत ते जाळ्याचे डोळे आणि समुद्रात जायचे दिवस. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाने भूमध्य समुद्रातल्या ट्रॉल जाळ्याच्या टोकाला ४० मिलिमीटरचे चौकोनी किंवा ५० मिलिमीटरचे शंकरपाळ्यासारखे डोळे ठरवून दिले. आकारावरून फरक का? कांद्याची जाळीदार पिशवी लांबीत ताणून पाहा. शंकरपाळे मिटते, चौकोन उघडाच राहतो आणि लहान जीव निसटू शकतो. २०१३ मध्ये पालामोसच्या कोळंबीसाठी खास योजना लागू झाली. कोळी, शास्त्रज्ञ आणि शासन यांनी मिळून ती आखली होती, आणि तिच्यात हिवाळ्यातली दोन महिन्यांची बंदीही होती. दोन महिने कमाई बंद ठेवायला बोटमालक आणि खलाशी तयार झाले, ही मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

तरीही ताण संपलेला नाही. २०१९ पासून पश्चिम भूमध्य समुद्रासाठी संघाची बहुवर्षीय योजना आहे आणि तिच्यात ट्रॉल बोटींचे दिवस दरवर्षी कमी होत गेले. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने २०२५ साठी स्पेनच्या बोटींचे दिवस सरासरी १३० वरून २७ वर आणण्याचा प्रस्ताव मांडला. वर्षात सत्तावीस दिवस! एवढ्यात बोटीचा खर्च निघणार नाही, खलाशी दुसरा धंदा शोधतील, अशी ओरड बंदराबंदरांतून झाली. अखेर तडजोड ठरली: जी बोट मोठ्या डोळ्यांचे जाळे वापरील किंवा असेच दुसरे संरक्षक उपाय करील, तिला कमी झालेले दिवस परत मिळतील. खोल पाण्यातल्या, म्हणजे कोळंबीच्या जाळ्यांसाठी हा डोळा ५० मिलिमीटरचा ठरला.