आठवं स्टेशन आलं कुठून?

मित्रांनो, एक सोप्पा प्रश्न. अंधेरी ते बोरिवली, दोन्ही धरून स्टेशनं किती? अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली. सात! पण हीच यादी मी बॅश शेलमध्ये लूप लावून मोजली तेव्हा उत्तर आलं आठ.

कारण सरळ आहे. व्हेरिएबल डबल कोट्सशिवाय वापरलं की शेल त्यातल्या मजकुराचे स्पेस, टॅब आणि नवी ओळ दिसेल तिथे तुकडे करतो. डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालेलं राम मंदिर स्टेशन शेलच्या लेखी दोन झालं, एक ‘राम’ आणि एक ‘मंदिर’.

एक स्टेशन जास्त मोजलं तर कोणाचं काही बिघडत नाही. पण मी तोच लूप फोल्डर डिलीट करायला वापरला. लॅबच्या मशीनवर आमच्या ग्रुपचे दोन फोल्डर होते, ‘सबमिशन’ आणि ‘सबमिशन जुनं’. यादीत फक्त दुसरा होता. शेलने नाव तोडलं, ‘सबमिशन’ सापडलं ते उडवलं आणि ‘जुनं’ सापडत नाही म्हणून वर तक्रार केली. इथे रिसायकल बिनही नसतो. व्हायवाच्या आदल्या रात्री तिघांनी जागून सगळं परत टाइप केलं. रूममेट अजून टोमणे मारतो.

शेल असा का वागतो? १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बोर्नच्या शेलमध्ये ॲरे नव्हतेच. यादी म्हणजे स्पेस टाकून लिहिलेली एक ओळ. ब्रायन फॉक्सचा बॅश १९८९ चा, आणि त्यात ॲरे आले १९९६ मध्ये. जुनी सवय मात्र राहिली. पायथॉनसारखे तयार मॅप-फिल्टरही इथे नाहीत. म्हणून आपली छोटी फंक्शन्स आपणच एका फाईलमध्ये लिहून ठेवायची आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सोर्स’ करायची.

त्याआधी एक मंत्र. फंक्शनला दिलेली यादी "$@" अशी, कोट्ससकट वापरायची. हा कप्प्यांचा डबा, प्रत्येक पदार्थ वेगळा. "$*" म्हणजे वरण-भात-भाजी कालवून केलेला एकच गोळा. आणि कोट्स विसरलात तर डबा प्लॅटफॉर्मवर सांडलाच समजा!

आता फंक्शन्स.

मोजा: एका ओळीचं काम. $# मध्ये आकडा तयार असतो, तो छापायचा.

आहे का: पहिली वस्तू म्हणजे जे शोधायचं ते. ते बाजूला ठेवून ‘शिफ्ट’ करायचं आणि उरलेल्या "$@" वर लूप लावायचा. सापडलं तर ० परत, नाहीतर १. शेलमध्ये ० म्हणजे ‘हो’. सी शिकून आलेल्यांची इथे हमखास विकेट पडते.

निवडा: पहिली वस्तू म्हणजे चाचणी करणाऱ्या फंक्शनचं नाव. प्रत्येक वस्तू त्याला द्यायची, ० आलं तरच ती छापायची. छापण्याआधी चाचणीऐवजी बदल केला की हेच ‘मॅप’ झालं.

जोडा: "$*" मधला गोळा इथे कामी येतो. आयएफएस नावाच्या व्हेरिएबलचं पहिलं अक्षर तो वस्तूंच्या मध्ये टाकतो. तिथे स्वल्पविराम ठेवा, पण ‘लोकल’ करून, नाहीतर पुढची सगळी स्क्रिप्ट बिघडेल.

एक अडचण उरते. ‘रिटर्न’ने यादी परत देता येत नाही, फक्त ० ते २५५ मधला आकडा देता येतो. म्हणून एका ओळीवर एक वस्तू छापायची आणि बाहेर ‘मॅपफाईल’ने तिचा पुन्हा ॲरे करायचा. ही सोय बॅश ४ पासून आहे. मॅकबरोबर येणारा बॅश ३.२ असल्याने तिथे चालणार नाही.

शेवटचं सांगणं. घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड या यादीवर चुकीची स्क्रिप्टसुद्धा बरोबर उत्तर देते, कारण एकाही नावात स्पेस नाही. म्हणून टेस्टिंगच्या यादीत एक तरी ‘राम मंदिर’ असू द्या. आणि डिलीट करायच्या आधी तोच लूप फक्त नावं छापून बघा. दोन मिनिटं जातात, पण रात्रीची झोप वाचते!