जुनी पिकअप दारात आली. पण ती थांबते का?

गेल्या डिसेंबरात आमच्या दारात पिकअप उभी राहिली. नवी नव्हे, दुसऱ्याने आठ वर्षे वापरलेली. आमच्या दादाने बारा वर्षे दुसऱ्यांचे टेम्पो चालवले. मालकाची गाडी, मालकाची वेळ आणि महिनाअखेर हातात मोजका पगार. आईने पोस्टात साठवलेले पैसे, वहिनींच्या बचत गटाचे कर्ज आणि दादाची बारा वर्षांची शिल्लक, असे सगळे एकत्र झाले तेव्हा कुठे ही गाडी आली. वस्तीतली मुले भोवती जमली. कुणी म्हणाले काचेवर निळ्या अक्षरांत नाव घालू, कुणी म्हणाले मोठा टेप बसवू. आम्हीही हरखून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी पेणच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना गाडी दाखवली. आम्ही त्यांना इंजिनचा आवाज ऐकवत होतो. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "चालते, हे दिसतंय. थांबते का?"

आम्ही हसण्यावारी नेले. "पहिले भाडे मारून येतो, मग दाखवतो" असे दादा म्हणाला. ती चूक आमच्या अंगाशी येता येता राहिली. तीच हकिकत सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत, कारण आज आपल्या अनेक घरांतली तरुण मुले जुनी गाडी घेऊन स्वतःचा धंदा उभा करत आहेत.

सुकेळी खिंडीतला तो क्षण

पहिले भाडे धाटाव एम.आय.डी.सी.तून पेणला होते. कोलाडवरून महामार्गाला लागलो आणि सुकेळी खिंड आली. गाडी भरलेली, पुढे ट्रक, आणि उतारावर दादाने चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल एकदम मऊ पडले. पाय खाली जात होता, पण गाडी थांबत नव्हती. दादा बारा वर्षांचा ड्रायव्हर म्हणून वाचलो. त्याने गिअर एकेक करून खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेच्या मातीत घातली. गाडी उभी राहिल्यावर आम्ही दोघे पाच मिनिटे काही बोललो नाही.

मेस्त्रींनी चाके उतरवली तेव्हा कारण कळले. मागच्या एका चाकाचा व्हील सिलेंडर गळत होता आणि लायनर तेलाने माखले होते. ब्रेक ऑईल तर काळेकुट्ट झाले होते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ पडते आणि ब्रेक लागत नाही. आपल्या कोकणातल्या दमट हवेत तर हे लवकर होते. म्हणून जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकाने काय सांगितले ते बाजूला ठेवावे, ब्रेक ऑईल पूर्ण बदलून घ्यावे आणि पुढे साधारण दोन वर्षांनी पुन्हा बदलावे.

त्या दिवसापासून आमच्या घरात खर्चाचा क्रम ठरला. आधी थांबवणाऱ्या वस्तू, मग धरून ठेवणाऱ्या, मग चालवणाऱ्या आणि सजावट सगळ्यांत शेवटी.

कागद आधी, पाना नंतर

पाना हातात घेण्याआधी कागद पाहावेत. रायगडचे परिवहन कार्यालय पेणलाच आहे, एम.एच. ०६ ही त्याची खूण. आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली चलाने परिवहनच्या ॲपवर दिसतात. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज १४ दिवसांत करावा. "करू सावकाश" म्हणून फाईल कपाटात पडली की अपघाताच्या दिवशी दोन्ही घरे अडचणीत येतात.

आठ वर्षांपर्यंतच्या मालगाडीचे फिटनेस दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. एकूण भारित वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यापुढे लागते. हा आकडा आरसीवर लिहिलेला असतो, दलालाच्या तोंडी ऐकू नये. लायसन्सविषयीही एक गैरसमज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, साधे एल.एम.व्ही. लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी चालवू शकतो.

खारी हवा आणि चॅसी

पेण म्हणजे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला धरमतरची खाडी. मिठागरे, खारजमिनी, मासळीचे पाणी आणि पावसाळ्याचे चार महिने. इथे गाडीला इंजिनपेक्षा गंज आधी खातो. वरचा पत्रा चकचकीत दिसतो, पण खाली चॅसी, ब्रेकचे पाईप आणि हौद्याचे आडवे सापळे पोखरले जातात. आमच्या गाडीला विकणाऱ्याने ताजा रंग मारला होता. मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरने खालून टोचले तर हौद्याच्या एका कोपऱ्यात तो आरपार गेला. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, सगळीकडून गंज घासला, रेड ऑक्साईडचा हात दिला आणि त्यावर काळा रंग मारला. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढून ठेवायला विसरू नये.

मासळीचे किंवा मिठाचे भाडे झाले की त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुतो. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन लावतो. पाट्यांना आणि जॉइंटना ग्रीस मारतो. पावसात पाण्यातून गाडी काढली की पुढे हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक हलके दाबायचे, म्हणजे लायनर सुकतात. आणि खोल पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी शिरले असेल तर रॉड वाकतो आणि हजाराचे काम लाखावर जाते. गाडी ढकलून बाहेर काढावी आणि मेस्त्रीला बोलवावे.

इंजिनही आपल्या परीने सांगत असते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, किंवा ऑईल दुधाच्या चहासारखे दिसू लागले, तर गाडी तिथेच थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

काय वाढवले, काय टाळले

टायर पहिल्या महिन्यातच बदलले. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते; ३२१९ म्हणजे २०१९ सालातला ३२वा आठवडा. नक्षी दिसायला चांगली असली तरी जुने रबर कडक होऊन फुटते. मागे लाल आणि पुढे पांढरी चमकपट्टी लावली. महामार्गावर रात्री बंद पडलेली गाडी दिसली नाही म्हणून किती घरे उजाड झाली आहेत, हे या पट्ट्यातल्या वाचकांना सांगायला नको. हौद्यात रबरी मॅट, दोर बांधायला मजबूत कड्या आणि चांगली ताडपत्री, एवढे वाढवले. सीटबेल्ट तुटका होता, तोही नवा बसवला.

जास्त वॅटचे बल्ब मात्र टाळले. त्याने जुनी वायरिंग तापते आणि समोरच्याचे डोळे दिपतात. मागे एकेक जादा पाटा घालण्याचा सल्लाही अनेकांनी दिला. जादा पाट्याने गाडी खाली बसत नाही हे खरे, पण ब्रेक, ॲक्सल आणि टायर तेवढेच राहतात. कागदावरचे वजनही वाढत नाही. वर गाडी कडक होते. ऑगस्ट-सप्टेंबरात हमरापूर-जोहे भागातल्या कारखान्यांतून मूर्ती न्यायची भाडी मिळतात. खड्ड्यात गाडी आदळली आणि मूर्तीचा हात मोडला की भाडे तर जातेच, भरपाईही द्यावी लागते. आम्ही मोडका पाटा आणि झिजलेले बुश बदलले, जादा काही घातले नाही. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि वर दर जादा टनाला २ हजार रुपये, असा हिशेब आहे. एका फेरीत वाचवलेले भाडे त्यात किती दिवस पुरेल?

महाडची फेरी

मार्च आला तसे वस्तीतून बोलणे सुरू झाले. दर २० मार्चला, १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणासाठी आपली माणसे महाडला जातात. "आता घरची गाडी आहे. पंचवीस माणसं मागं आरामात बसतील," आबा म्हणाले. दादा गप्प राहिला. मग म्हणाला, "आबा, माणसं नाही नेणार."

आबांना राग आला. "आम्ही ट्रकात उभं राहून गेलो. आम्हाला काय झालं? गाडी आली आणि तू वस्तीला विसरलास?"

दादाची मान खाली होती. हे ऐकणे त्याला सुकेळी खिंडीपेक्षा जड गेले असावे. पण तो म्हणाला, "आबा, तुम्ही सुखरूप आलात. पण नशिबावर गाडी हाकायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं नाही. मालगाडीत बसलेल्या माणसाला विमा लागत नाही. उद्या काही झालं तर तुमच्या सुनेला मी काय उत्तर देऊ?"

त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. मालगाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत असेल तर त्याला विम्याचे संरक्षण आहे. पण फुकट वा पैसे देऊन बसलेल्या इतर प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी कायद्याने बांधलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. शेवटी वर्गणी काढून माणसांसाठी एस.टी. ठरवली. आमची पिकअप मागून पाण्याचे कॅन, भांडी आणि जेवणाचे सामान घेऊन गेली. परत येताना आबा एस.टी.तून उतरले, पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं केलंस." एवढेच म्हणाले.

वहीत गाडी

आमची पुतणी दहावीत आहे. तिने गाडीची वही केली आहे. तारीख, किलोमीटर, डिझेल, भाडे, कोणता भाग बदलला आणि तो पुढे कधी पाहायचा, अशा तिच्या रेघा आखलेल्या आहेत. दर किलोमीटरमागे एक रुपया वहिनी वेगळ्या डब्यात टाकतात. तो गाडीचा डबा. त्याला लग्नाकार्यालाही हात लावायचा नाही असा घरात नियम आहे. जूनमध्ये क्लचप्लेट गेली तेव्हा सावकाराकडे जावे लागले नाही, ते या डब्यामुळे.

रोज सकाळी गाडी थंड असताना पाच मिनिटे पुरतात. इंजिन ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईलची पातळी, चारही टायर आणि स्टेपनी, सगळे दिवे, गाडीखाली काही गळले आहे का, आणि शेवटी ब्रेकचे पेडल दाबून धरायचे. हळूहळू खाली गेले तर त्या दिवशी भाडे नाही.

आपल्या तरुण बांधवांना एवढेच सांगायचे आहे: जुनी गाडी घेताना सगळे पैसे किमतीत संपवू नका. किमान दहावा हिस्सा दुरुस्तीसाठी हातात ठेवा. दलाल गाडी चालवून दाखवील; तुम्ही ती थांबवून पाहा.

आता वर्ष होत आले. गाडीत टेप अजून बसलेला नाही. काचेवरचे नाव मात्र गेल्या महिन्यात लिहून घेतले. बाराव्या महिन्याचा हप्ता भरून झाल्यावर पुतणीनेच निळ्या रंगात आईचे नाव लिहिले.