रानटी अळंबी : छायाचित्र घ्यावे, खाऊ नये

पावसाळ्यात वाळलेल्या ओंडक्यांवर व कुजलेल्या बुंध्यांवर अळंबी उगवते. लाकडाच्या आत पसरलेले बुरशीचे तंतू लाकूड कुजवून त्यातून अन्न मिळवतात. बाहेर दिसणारी छत्री हे त्या बुरशीचे केवळ फळ होय. तिचे निरीक्षण करावे, छायाचित्र घ्यावे. परंतु ती घरी आणून शिजवू नये. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानटी अळंबी खाल्ल्याने दहाहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

छायाचित्र घेताना
• ओंडक्याखाली वा ढोलीत हात घालू नये. तेथे साप, विंचू असू शकतात. पायांत बूट असावेत व आधी काठीने चाचपून पाहावे.
• छत्रीची वरची व खालची बाजू, देठाचे बूड आणि लाकूड यांची वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत. आकार कळावा म्हणून शेजारी नाणे ठेवावे.
• अळंबीला हात लागल्यास साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना ती तोंडात घालू देऊ नये.
• छायाचित्रावरून किंवा मोबाइल ॲपवरून अळंबी खाण्याजोगी असल्याचे ठरवू नये.

गैरसमज टाळा
• ‘लाकडावरची अळंबी विषारी नसते’ हे खरे नाही. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या गॅलेरिना या लहान, तपकिरी अळंबीच्या काही जातींत यकृत निकामी करणारे अमाटॉक्सिन हे विष असते.
• हे विष शिजवल्याने वा वाळवल्याने नष्ट होत नाही.
• चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडणे, किड्यांनी अळंबी कुरतडलेली असणे, या खुणांवरून विष ओळखता येत नाही.

चुकून खाल्ल्यास
या विषाची लक्षणे बहुधा 6 ते 12 तासांनी, काही वेळा त्याहूनही उशिरा दिसतात : पोटदुखी, उलट्या, जुलाब. त्यानंतर रुग्णास एखादा दिवस बरे वाटते. मात्र याच काळात यकृताची हानी होत असते. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये व बरे वाटले तरी थांबू नये.
• रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे; 108 किंवा 112 वर संपर्क साधावा.
• घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये.
• उरलेली अळंबी कागदात गुंडाळून, तसेच तिचे छायाचित्र डॉक्टरांना दाखवावे. खाल्ल्याची वेळ सांगावी.
• त्याच ताटातील अन्न खाल्लेल्या सर्वांची तपासणी करून घ्यावी.

अळंबी खावयाची असल्यास लागवड केलेली, खात्रीच्या विक्रेत्याकडीलच घ्यावी.