उंच गाडी, दुसरा मालक

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि गाड्यांवरच्या एमएच-३० च्या जागी एमएच-३७ आलं. त्या काळात आपल्याकडे चारचाकी म्हणजे एकतर प्रवासी कोंबलेली जीप, नाहीतर डॉक्टर-वकिलांची मारुती. आज वाशिम, कारंजा किंवा रिसोडला सेकंड हँड गाड्यांच्या कोणत्याही आवारात डोकावा, रांगेत निम्म्या गाड्या उंच बांध्याच्या दिसतील: इकोस्पोर्ट, डस्टर, ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू. नव्या असताना त्या बहुतेक शहरांत खपल्या. त्यांची खरी परीक्षा दुसऱ्या मालकाकडे झाली, आणि आपल्याकडे तो दुसरा मालक बरेचदा शेतकरी, शिक्षक नाहीतर कृषी केंद्रवाला असतो.

या गाड्यांचा जन्म सरकारी करातून झाला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा अबकारी कर कमी केला गेला आणि कंपन्यांनी मापं हातात घेऊन गाड्या कापायला सुरुवात केली. रेनॉ डस्टर जुलै २०१२ मध्ये आली. ती चार मीटरहून लांब होती, पण उंच गाडीची हौस तिनेच लावली. जून २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट ५ लाख ५९ हजारांपासून सुरू झाली आणि बुकिंगला झुंबड उडाली. मार्च २०१६ ला मारुतीची व्हिटारा ब्रेझा आली, फक्त डिझेलमध्ये. सप्टेंबर २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन आली. ती पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावची, तर २०१९ ची महिंद्रा एक्सयूव्ही३०० नाशिकची.

जमिनीपासून उंची इकोस्पोर्टची २०० मिलिमीटर, ब्रेझाची १९८, नेक्सॉनची २०९. या आकड्यांनी आपल्या लोकांना भुरळ घातली. शेतापर्यंत गाडी जाईल, नाला ओलांडेल, असा हिशेब होता. जाते, पण उन्हाळ्यात. या सगळ्या मुळात कारच्याच सांगाड्यावर उंच केलेल्या गाड्या. जवळपास सगळ्यांची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. जुलैमधल्या काळ्या मातीत पुढचं चाक एकदा फिरू लागलं की गाडी जागच्या जागी खड्डा करते आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ओढणाऱ्याने हूक सोडून खालच्या आर्मला दोर बांधला की पुढची दोन वर्षं अलाइनमेंट बसत नाही. मानोरा-मंगरूळपीरकडच्या गाड्यांत हे दुखणं इतकं सर्रास आहे की घेताना गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय पैसे काढूच नयेत. स्टिअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, पुढच्या टायरची आतली कड जास्त झिजली आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मी कुंडली कळते.

लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट ही या वर्गाची कायमची दुखणी. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड रस्त्याचं चौपदरीकरण चाललं तेव्हा वर्षानुवर्षं डायव्हर्शन, मुरूम आणि धूळ होती, आणि त्या काळात मेडशी-मालेगाव भागात फिरलेल्या गाड्यांच्या सस्पेन्शनने ते सगळं सोसलं. खडखड आवाज येतो म्हणून गाडी सोडून द्यायचं कारण नाही. हे भाग बदलता येतात आणि फार महागही नाहीत. डस्टरचं मात्र वेगळं. तिचं सस्पेन्शन या सगळ्यांत दणकट होतं. तिच्यातलं दीड लिटरचं डिझेल इंजिन आपल्या मिस्त्रींना आधी टॅक्सीतल्या लोगन आणि व्हेरिटोत भेटलेलं होतं. तिला घाबरायचं ते टायमिंग बेल्टमुळे. बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चालावं. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं.

इकोस्पोर्टची कहाणी मोठी आहे, कारण तिच्यात तीन-चार गाड्या लपलेल्या आहेत. दीड लिटर डिझेल आणि साध्या हाताच्या गिअरची इकोस्पोर्ट अजूनही लाख-दीड लाख किलोमीटर निमूट धावताना दिसते. बेल्ट तिच्यातही आहे, तेवढं बघावं. पण २०१३ ते २०१७ मधली पेट्रोल ऑटोमॅटिक कुणी स्वस्तात देत असेल तर ते स्वस्त का आहे ते समजून घ्या. तिच्यातला पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स म्हणजे दोन कोरड्या क्लचची यंत्रणा. शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून क्लचवर गेलं की गाडी सुटताना थरथरते, आणि गिअर बदलणारा कॉम्प्युटर बिघडला तर ती रस्त्यातच बसते. हा आपल्या खड्ड्यांचा दोष नव्हता. ऑस्ट्रेलियासारख्या गुळगुळीत रस्त्यांच्या देशातही याच गिअरबॉक्सच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल २०१८ मध्ये न्यायालयाने फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०१७ च्या शेवटी आलेल्या नव्या रूपात भारतात तो गिअरबॉक्स काढून टाकला. एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन चालवायला झकास, पण त्यातला बेल्ट तेलात बुडून फिरतो. तेल चुकीचं किंवा जुनं असेल तर बेल्टचे तुकडे ऑइल पंपाची जाळी बुजवतात. आपल्या मिस्त्रीला ‘कोणतंही चांगलं ऑइल टाका’ म्हणण्याची सवय असलेल्यांनी त्या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

इकोस्पोर्टचं आणखी एक दुखणं आपल्याकडे जास्त जाणवलं: एसीची कूलिंग कॉइल. विदर्भाचा मे महिना पंचेचाळीस अंशांवर जातो, आणि नेमका तेव्हा गॅस गळून एसी गार हवा देईनासा होतो. दोनदा गॅस भरूनही महिन्याभरात तेच झालं, तर कॉइल गेलेली असते, आणि ती बदलायला सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. वस्तूपेक्षा मजुरी जड. डॅशबोर्ड परत बसवल्यावर एखादी क्लिप तुटलेली राहते आणि मग वाशिम ते अकोला कानाशी कटकट चालू.

९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जुन्या इकोस्पोर्टची किंमत घसरली. सर्व्हिस चालू ठेवू, सुटे भाग देऊ असं कंपनीने सांगितलं होतं. तसं चालूही राहिलं, पण वाशिमच्या माणसासाठी सर्व्हिस सेंटर आधीपासूनच पातूरचा घाट ओलांडून होतं. माझ्या मते त्या दिवसानंतर डिझेल इकोस्पोर्ट हा धाडसी पण फायद्याचा सौदा झाला, मात्र तेही फिल्टर, बुश, ब्रेक पॅड अशी रोजची सामग्री बाहेरून मिळवणारा मिस्त्री ओळखीत असेल तरच. बंपर, हेडलाइट, कंट्रोल मॉड्यूल असं काही लागलं की वाट बघणं आलं.

ब्रेझाचं यश यातच आहे की तिच्या भागांसाठी अशी वाट बघावी लागत नाही. तिच्यातलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं. २००७ पासून स्विफ्टमध्ये, मग डिझायरमध्ये, टाटाच्या गाड्यांतही ते होतं. ब्रेझा आली तेव्हा रिसोडपासून मानोऱ्यापर्यंतच्या मिस्त्रींनी ते इंजिन डझनांनी उघडून बांधलेलं होतं. सुटा भाग तालुक्याला मिळतो, निदान संध्याकाळच्या एसटीने पार्सल येतो. ‘टिकाऊ गाडी’ असं तिच्याबद्दल म्हणतात तेव्हा त्यातला मोठा वाटा या ओळखीचा आहे. दोष तिलाही आहेत. दोन हजार आरपीएमच्या खाली ती मरगळलेली असते. पाच माणसं आणि डिकीत कट्टे भरून पातूरच्या घाटात चढताना चालवणारा अर्धा क्लच दाबूनच ठेवतो, आणि क्लच प्लेट वेळेआधी जळते. पुण्याहून येणाऱ्या एमएच-१२, एमएच-१४ च्या ब्रेझांचं हेच. आपली पोरं नोकरीला तिकडे असतात, पाच वर्षांनी गाडी गावी पाठवतात. मीटर चाळीस हजार दाखवतं म्हणून लोक खूश होतात. पण ते चाळीस हजार हिंजवडीच्या रांगेतले आहेत. वाशिममध्ये नव्वद हजार पळालेल्या गाडीचा क्लच त्याहून बरा निघू शकतो.

ब्रेझात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. पण तेल बदलायला उशीर केलेल्या गाडीत ती ढिली पडते. यासाठी गाडी बघायला सकाळीच जावं आणि विकणाऱ्याला आधी सांगावं की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना पहिले काही सेकंद किर्रर्र असा धातूचा आवाज आला तर चेन बोलते आहे. बोनेट कोमट असेल तर तो आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नाही असं कुणीतरी ठरवलं आहे.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा प्रदूषणाचा निकष लागू झाला आणि बिघाडांची जातच बदलली. मारुतीने डिझेल सोडलं, ते १.३ इंजिन संपलं. नेक्सॉन, व्हेन्यू, एक्सयूव्ही३०० डिझेलमध्ये राहिल्या, पण सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ घेऊन. त्यात साठलेली काजळी जाळायला धूर सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो, म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळायला हवी. वाशिममध्ये घर ते शाळा, शाळा ते बाजार समिती, तिथून पाटणी चौक असं फिरणाऱ्या गाडीला ते कधीच मिळत नाही. दिवा लागतो, माणूस दुर्लक्ष करतो, जाळण्याचा प्रयत्न अर्धवट राहून डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते, आणि एक दिवस गाडी ताकद कमी करून रांगू लागते. तेव्हा पाना-पक्कडवाला मिस्त्री काही करू शकत नाही, स्कॅनर लावणाराच लागतो. नेक्सॉनचं नाव डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी म्हणून झालं, आणि अपघातात तिने आपला पत्रा सिद्ध केला आहे. तरीही नुसत्या गावातल्या फेऱ्यांसाठी जुनी बीएस-६ डिझेल नेक्सॉन घेऊ नका असंच मी सांगेन. पेट्रोल घ्या. रोज अकोल्याला ये-जा करणाऱ्याने खुशाल डिझेल घ्यावी.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून ताशी १२० चा रस्ता गेला. डीपीएफवाल्यांची सोय झाली. शेलूबाजारहून चढून कारंज्याला उतरलं की काजळी जळते. पण टायरचं दुखणं उघडं पडलं. जुन्या उंच गाड्यांचे टायर नक्षी शिल्लक दिसते म्हणून सहा-सात वर्षं वापरले जातात. टायरच्या बाजूवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. असा सहा-सात वर्षांचा टायर गावात अजून वर्षभर चालेल, उन्हाळ्यातल्या तापल्या काँक्रीटवर दोन तास शंभराच्या पुढे नाही. स्टेपनीचाही आकडा वाचा. ती बहुतेक वेळा गाडीइतकीच म्हातारी असते.

अलीकडे दोन प्रकारच्या गाड्यांपासून सावध राहावं लागतं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, त्यानंतर दहा वर्षं भरत आली तशा तिकडच्या चकचकीत डस्टर आणि इकोस्पोर्ट स्वस्तात इकडे येऊ लागल्या. गाडी वाईट असेलच असं नाही, पण तिकडची एनओसी आणि इथला रस्ता कर यांचा हिशेब आधी मांडावा, नाहीतर स्वस्ताई तिथेच संपते. दुसरा प्रकार पुरातल्या गाड्यांचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन, अत्तर मारून उभी केली की ओळखू येत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाशी गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ राहते, कारण तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात जात नाही. सीटखालच्या बोल्टवर गंज आणि दिव्याच्या काचेत आतून वाफ असेल तर चहा पिऊन परत यावं.

बाकी कागदांत गाडीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका; २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या तरी बोजा उतरत नाही.