कंपन्यांच्या खरेदीचे गणित नव्या साधनांवर. वेग वाढला, पडताळणीची गरजही वाढली

एखादी कंपनी किती किमतीला विकत घ्यावी, त्यासाठी कर्ज किती काढावे आणि काही वर्षांनी ती विकल्यावर हाती काय उरेल, या प्रश्नांची उत्तरे प्रायव्हेट इक्विटी संस्था संगणकावरील आर्थिक प्रतिमानातून, म्हणजेच फायनान्शियल मॉडेलमधून शोधतात. ही प्रतिमाने ज्या सॉफ्टवेअरवर तयार होतात, त्यांत गेल्या काही वर्षांत मोठे बदल झाले आहेत. सूत्रे स्वतः रचून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक, हजारो शक्यता अल्पावधीत तपासणारी साधने आणि कोणी कोणता आकडा केव्हा बदलला याची नोंद ठेवणारी व्यवस्था आता उपलब्ध झाली आहे. या सोयींमुळे काम निश्चितच वेगाने होऊ लागले आहे. मात्र त्यामुळे उत्तरही अधिक विश्वासार्ह झाले आहे काय, हा प्रश्न गुंतवणूकदारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

पैसा कोणाचा?

प्रायव्हेट इक्विटी संस्था प्रामुख्याने इतरांचा पैसा गुंतवतात. त्यात निवृत्तिवेतन निधी, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी आणि धनाढ्य व्यक्ती यांचा समावेश असतो. कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने २०२२ मध्ये पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटल्समध्ये बहुसंख्य हिस्सा विकत घेतला आणि २०२५ मध्ये ही रुग्णालये मणिपाल हॉस्पिटल्सला विकण्याचा करार केला. दूरदेशीच्या शिक्षकांचे निवृत्तिवेतन आणि पुण्यातील रुग्णालये अशा प्रकारे एकाच व्यवहारात जोडली जातात. त्यामुळे प्रतिमानातील चुकीची झळ केवळ धनिकांनाच बसते, असे मानण्याचे कारण नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा भाव रोज कळतो. खाजगी कंपनीचा भाव मात्र खरेदी आणि विक्री या दोनच वेळी प्रत्यक्षात ठरतो. मधल्या काळात तिची किंमत अंदाजाने काढावी लागते आणि या अंदाजात आर्थिक प्रतिमानाचा मोठा वाटा असतो.

प्रतिमान कसे चालते?

समजा, एका कंपनीचा व्याज, कर व घसारा वजा करण्यापूर्वीचा वार्षिक नफा १०० कोटी रुपये आहे. नफ्याच्या आठपट, म्हणजे ८०० कोटी रुपयांना ती विकत घेतली. त्यापैकी ४८० कोटी रुपये कर्जाऊ घेतले आणि ३२० कोटी रुपये गुंतवणूकदारांनी घातले. पाच वर्षांत नफा १५० कोटींवर गेला, कर्ज २८० कोटींवर आले आणि कंपनी पुन्हा आठपट किमतीला विकली, तर १,२०० कोटी रुपये येतील. कर्ज फेडून ९२० कोटी रुपये उरतील. मूळ ३२० कोटींवर हा परतावा वर्षाला सुमारे २३.५ टक्के होतो.

आता यातील एकच गृहीतक बदलून पाहावे. विक्रीच्या वेळी आठऐवजी सातपट किंमत मिळाली, तर परतावा सुमारे १९.२ टक्क्यांवर येतो. तेच ९२० कोटी रुपये पाचऐवजी सात वर्षांनी हाती आले, तर तो सुमारे १६.३ टक्के होतो. नफा १२० कोटींपर्यंतच पोहोचला, कर्ज ३४० कोटींपर्यंतच कमी झाले आणि किंमत सातपट मिळाली, तर परतावा अवघा ९.३ टक्के उरतो. या सर्व उदाहरणांत गणित अचूकच आहे. बदलली ती केवळ गृहीतके.

प्रत्यक्षातील प्रतिमान अर्थातच याहून बरेच गुंतागुंतीचे असते. त्यात नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह ही तिन्ही पत्रके परस्परांशी जोडलेली असतात. व्याज कर्जावर अवलंबून असते, कर्जफेड शिल्लक रोखीवर आणि ही रोख पुन्हा व्याजावर. हे चक्र सोडवण्यासाठी संगणकाला तेच गणित पुन्हा पुन्हा करावे लागते. नफ्याच्या वाटपाचे गणित त्यापुढचे. अनेक निधींत गुंतवणूकदारांना मुद्दल आणि ८ टक्के किमान परतावा आधी मिळतो. त्यानंतर व्यवस्थापकाला नफ्यातील साधारणतः २० टक्के वाटा मिळतो.

नव्या सोयी कोणत्या?

स्प्रेडशीटचा इतिहास १९७९ मध्ये आलेल्या व्हिजिकॅल्कपासून सुरू होतो. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकावर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. खरेदी-विक्रीच्या व्यवहारांत आजही त्याचाच वापर सर्वाधिक रूढ आहे. त्यामुळे एक्सेलमधील बदलांचा या व्यवसायावर थेट परिणाम होतो.

पहिला बदल सूत्रांच्या रचनेत झाला. पाच वर्षांचे मासिक प्रतिमान म्हणजे साठ स्तंभ. पूर्वी तेच सूत्र साठ वेळा उतरवले जाई आणि एखाद्या चौकटीत कोणी सूत्र पुसून थेट आकडा लिहिला, तर तो सहजी लक्षात येत नसे. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या नव्या पद्धतीत एकाच चौकटीत लिहिलेले सूत्र संपूर्ण ओळीला लागू करता येते. २०२० च्या अखेरीस जाहीर झालेल्या लॅम्ब्डा या सोयीमुळे कर्जफेडीसारखे किचकट गणित एकदाच लिहून, त्याला नाव देऊन, हवे तेथे वापरता येऊ लागले. चूक सापडल्यास ती एकाच ठिकाणी दुरुस्त करणे पुरेसे ठरते.

दुसरा बदल शक्यतांच्या तपासणीत झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्येच पायथॉन ही संगणकीय भाषा वापरण्याची सोय जाहीर केली. विक्रीची किंमत, व्याजदर आणि नफ्याची वाढ यांची हजारो संभाव्य मूल्ये घेऊन परतावा कोणत्या पट्ट्यात राहील, हे तिच्या साहाय्याने तपासता येते. हे गणित वापरणाऱ्याच्या संगणकावर न होता कंपनीच्या क्लाउडवर होते. म्हणूनच गोपनीय व्यवहारांची माहिती हाताळणाऱ्या संस्थांना आपले सुरक्षाविषयक नियम आधी तपासावे लागतात.

तिसरा बदल नोंदींचा आहे. एकाच फाइलवर अनेकांना एकाच वेळी काम करता येते आणि कोणता आकडा कोणी, केव्हा बदलला हे पाहता येते. ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’ अशा नावांच्या फाइली ई-मेलने फिरवण्याच्या प्रथेला त्यामुळे पर्याय मिळाला.

याखेरीज स्प्रेडशीटबाहेरील प्रणालींचाही वापर वाढला आहे. प्रायव्हेट इक्विटी निधींचे हिशेब सांभाळणारी ई-फ्रंट ही सॉफ्टवेअर कंपनी ब्लॅकरॉकने २०१९ मध्ये १३० कोटी डॉलरना विकत घेतली. नियोजनाचे सॉफ्टवेअर बनवणारी अनाप्लॅन ही कंपनी तर २०२२ मध्ये थोमा ब्राव्हो या प्रायव्हेट इक्विटी संस्थेनेच एक हजार कोटी डॉलरहून अधिक किमतीला खरेदी केली.

चुकांचे धडे

या सोयींची गरज का भासली, हे दोन गाजलेल्या प्रकरणांवरून स्पष्ट होते. २०१२ मध्ये जे. पी. मॉर्गन चेस बँकेला लंडनमधील व्यवहारांत सुमारे ६०० कोटी डॉलरचा तोटा झाला. बँकेच्या २०१३ मधील अहवालानुसार, जोखीम मोजण्याचे प्रतिमान स्प्रेडशीटवर चालत होते आणि आकडे एका फाइलमधून दुसरीत हाताने उतरवले जात होते. एका सूत्रात दोन दरांच्या सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागले गेले होते. तोट्याचे मूळ कारण हे नव्हते. परंतु त्यामुळे जोखीम प्रत्यक्षाहून कमी दिसत राहिली.

दुसरे प्रकरण अर्थशास्त्रातील आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या सरकारी कर्जाविषयीच्या २०१० मधील शोधनिबंधात एका सरासरीतून वीसपैकी पाच देश निसटले होते. सूत्रातील चौकटींची निवड अपुरी असल्याचे २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. मूळ फाइल तपासणीसाठी मिळाली, म्हणूनच ही चूक उजेडात आली.

कृत्रिम बुद्धिमत्ता कोठवर?

सर्वाधिक चर्चा आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. साध्या भाषेत सूचना दिल्यास सूत्र तयार करणे, दुसऱ्याने लिहिलेल्या सूत्राचा अर्थ सांगणे, लांबलचक करारांतून आकडे वेचून तक्ता बनवणे, ही कामे असे सहायक करू शकतात. कनिष्ठ विश्लेषकांचे बरेच तास ज्या कामात जातात, ते यामुळे हलके होते.

तथापि सॉफ्टवेअर कंपन्यांनीच याची मर्यादाही सांगितली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलच्या चौकटीत थेट वापरता येणारे कोपायलट हे फंक्शन आणले. अचूकता किंवा तेच उत्तर पुन्हा मिळण्याची खात्री हवी असेल, अशा कामांसाठी ते वापरू नये, असे त्यासोबतच्या मार्गदर्शनात नमूद करण्यात आले. याचे कारण असे की, नेहमीचे सूत्र त्याच आकड्यांवर दरवेळी तेच उत्तर देते. भाषेवर आधारित प्रणालीचे उत्तर मात्र दरवेळी वेगळे येऊ शकते. म्हणून सहायकाकडून सूत्र लिहून घेणे आणि त्याच्याकडून थेट उत्तर घेणे यांत फरक केला पाहिजे. सूत्र तपासता येते. केवळ उत्तर दिले असेल, तर ते कसे आले हे शोधणे कठीण जाते.

भारतातील नियम

भारतात अशा निधींवर सेबीचे नियंत्रण आहे. २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमावलीनुसार प्रायव्हेट इक्विटी निधी दुसऱ्या श्रेणीत मोडतात आणि सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान एक कोटी रुपये गुंतवावे लागतात. या निधींकडील गुंतवणुकीचे मूल्यांकन स्वतंत्र मूल्यांककाकडून करून घेण्याची तरतूद २०२३ मध्ये लागू करण्यात आली. प्रतिमान ज्याने बनवले, त्याच्यावरच किमतीचा निर्णय पूर्णपणे सोपवू नये, हा त्यामागील विचार आहे.

इंग्लंड आणि वेल्समधील सनदी लेखापालांच्या संस्थेने २०१४ मध्ये स्प्रेडशीटसाठी वीस तत्त्वे प्रसिद्ध केली. गृहीतके, गणित आणि निष्कर्ष वेगवेगळे ठेवावेत, सूत्रांत आकडे दडवू नयेत आणि तपासण्या प्रतिमानातच अंतर्भूत असाव्यात, असा त्यांचा आग्रह आहे. नवे सॉफ्टवेअर ही शिस्त पाळणे सोपे करते. शिस्तीची जागा मात्र ते घेऊ शकत नाही.

म्हणूनच निधीच्या व्यवस्थापकाने मोठ्या परताव्याचा अंदाज समोर ठेवल्यास, तो कोणत्या सॉफ्टवेअरवर काढला यापेक्षा काही वेगळे प्रश्न विचारणे गुंतवणूकदारांच्या हिताचे ठरेल. विक्रीची किंमत नफ्याच्या किती पट धरली आहे? ती एका पटीने घटली, किंवा विक्री दोन वर्षांनी लांबली, तर काय उरेल? आणि हे प्रतिमान ते बनवणाऱ्याखेरीज आणखी कोणी तपासले आहे काय?